किल्ली कोणाकडे आहे?

लग्नसराई आली कीं बारामती-इंदापूर रस्त्यावरील मंगल कार्यालयें माणसांनीं फुलून जातात. अक्षता, आहेर, पंगती यांचा हिशेब आपण महिनाभर आधीं करतों. परंतु आग लागल्यास हीं सातआठशें माणसें कोणत्या दारानें बाहेर पडतील, हा प्रश्न यजमानाच्या मनांत सहसा येत नाहीं. घर पेटल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्याची थट्टा आम्हीं वर्गांत अनेक वेळां मुलांना सांगितली. तीच आमच्यावर उलटली.

दोन वर्षांमागें आमच्या धाकट्या कन्येचें लग्न होतें. मागच्या दारानें भुरटे शिरतात, म्हणून त्यास कुलूप घालण्यास आम्हींच सांगितलें. रिकामी जागा दिसतांच कोणी तेथें खुर्च्यांची चळत व गॅसच्या टाक्या रचल्या. मुहूर्तास थोडा अवकाश असतां व्यासपीठामागें दिव्याची तार जळून पडद्यानें पेट घेतला. वायरमननें मुख्य कळ बंद केली. वाळूच्या दोन बादल्यांनीं काम भागलें. पण त्या दोन मिनिटांच्या अंधारांत व धुरांत आमच्या पंचाहत्तरी उलटलेल्या थोरल्या वहिनी मागच्या दाराची कडी हलवीत उभ्या होत्या. “भाऊजी, किल्ली कोणाकडे आहे हो?” एवढेंच त्यांनीं विचारलें. किल्ली आमच्याच खिशांत होती.

आमचें निभावलें, सर्वांचें निभावत नाहीं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरनें पेट घेतला. धूर वर बाल्कनींत चढला. तेथील एका बाजूची वाट जादा खुर्च्या बसवून बुजविलेली होती. ५९ माणसें दगावलीं, तीं ज्वाळांनीं नव्हे, गुदमरून. मुंबईंत कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहास आग लागून १४ जीव गेले. त्यांतले बरेचजण वाट न सांपडून प्रसाधनगृहांत शिरले होते. शिकागोच्या इरोक्वॉ नाट्यगृहांत ३० डिसेंबर १९०३ रोजीं सहाशेंहून अधिक प्रेक्षक गेले. तेथें कित्येक दारें कड्या घालून बंद होतीं, तर कांहीं आंतल्या बाजूस उघडणारीं होतीं. गर्दीचा रेटा दारावर आला कीं असें दार ओढतांच येत नाहीं. म्हणून गर्दीच्या जागेचें दार नेहमीं बाहेर उघडणारें असावें.

या सर्व ठिकाणीं वाट कोणी दुष्टाव्यानें अडविली नव्हती. चार खुर्च्यांचें उत्पन्न, चोरीची भीति, सामान ठेवण्याची सोय, एवढींच कारणें. धूर प्रथम छताशीं सांचतो व खालीं उतरत येतो. माणसें मात्र ज्या दारानें आलीं त्याच दाराकडे धांवतात. दुसरें दार ठाऊक नसेल तर असून नसल्यासारखें.

महाराष्ट्रांत याविषयीं २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याअन्वयें आग विझविण्याचीं साधनें चालू असल्याचें प्रमाणपत्र मालकानें किंवा वहिवाटदारानें जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचें असतें. कार्यालय ठरवितांना तें अवश्य पाहावें. परंतु प्रमाणपत्र जानेवारींतलें असतें आणि खुर्च्यांची चळत लग्नाच्या दिवशीं रचली जाते! म्हणून घरांतील एका जबाबदार माणसाकडे त्या दिवशीं केवळ दारांचेंच काम असावें. कुलपें काढावींत, सामान हलवावें, वृद्धांना व लेंकुरवाळ्यांना दाराजवळ बसवावें, आणि मंगलाष्टकांपूर्वीं सर्व दारें कोठें आहेत हें ध्वनिक्षेपकावरून सांगावें. भुरट्यांची भीति असल्यास दारावर माणूस बसवावा, कुलूप नव्हे. धूर दिसतांच सर्वांना बाहेर काढावें व १०१ किंवा ११२ क्रमांकास कळवावें.

तुकोबांच्या पालखीबरोबर बेलवाडीस रिंगण होतें, तेव्हां अश्वासाठीं वाट मोकळी ठेवून हजारों माणसें शिस्तीनें उभीं राहतात. ज्या मुलखास हें साधतें, त्यास एक दार मोकळें ठेवणें जड जाऊं नये.

गेल्या वर्षीं पुतण्याच्या लग्नांत आम्हीं सकाळीं सहा वाजतां सारीं दारें स्वतः उघडून पाहिलीं. वहिनींची खुर्ची मागच्या दाराशींच मांडली. त्या म्हणाल्या, “भाऊजी, इथें वारा छान येतो हो!”