सावलीसाठी भुईचाफा

पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांच्या परसात आंब्या-फणसाची दाट सावली असते. तिथे गुलाब, झेंडू धड फुलत नाहीत. मग पांढऱ्या काठाच्या पानांचा ठेंगणा होस्टा मोबाईलवर दिसला की तो मागवावासा वाटतो. आमचं सांगणं एवढंच, की पैसे जपा. होस्टा जपान, कोरिया, चीनकडचा. हिवाळ्यात काही आठवडे ५ अंशांच्या आसपास थंडी मिळाली, तरच तो पुढच्या वर्षी जोमानं फुटतो. आपल्याकडे अशी थंडी पडत नाही.

त्याची जागा आपला भुईचाफा घेईल. त्याच्या हिरव्या पानांवर रुपेरी नक्षी असते आणि पानांची मागची बाजू जांभळट असते. दोघांमध्ये एक जुना धागाही आहे. एंगेलबर्ट केंफर हा जर्मन वैद्य १६९० मध्ये जपानला गेला. १७१२ च्या आपल्या ग्रंथात त्यानं होस्टाचं वर्णन केलं. पुढे लिनियसनं भुईचाफ्याच्या गटाला केंफरचंच नाव दिलं.

उन्हाळ्यात, पावसाआधी, याचे कंद लावावेत. तांबडी माती, थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून कंद दोन इंच खोल ठेवावा. आपल्या पावसात पाणी साचलं तर कंद सडतो. म्हणून वाफा वीतभर उंच करावा किंवा कुंडीची भोकं मोकळी ठेवावीत. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको. पावसाळ्यात गोगलगायी पानं कुरतडतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचून काढाव्यात. पाऊस लांबला तर वुजूचं पाणी घातलं तरी चालतं.

घरात रांगणारं बाळ असेल तर कॅलेडियम आणि डिफेनबाखिया मात्र त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. त्यांचं पान चावलं की तोंडाची आग होते.

हिवाळ्यात भुईचाफ्याची पानं पिवळी पडून गळतात. तेव्हा पाणी थांबवा, पण झाड मेलं समजून कुंडी रिकामी करू नका. कंद जिवंत असतो. उन्हाळ्यात पानांआधीच जमिनीतून सुगंधी, पांढरी-जांभळी फुलं वर येतात.

आज घरोघरी अंगणात लाद्या बसतात, आणि हे काम निघतं ते बहुधा पाऊस नसताना, म्हणजे भुईचाफा झोपलेला असताना. वर काहीच दिसत नसल्यामुळे तो सिमेंटखाली गाडला जातो. म्हणून पानं असतानाच त्या जागेवर एक दगड ठेवून खूण करा. गवंडी येण्याआधी कंद काढून घ्या आणि त्यातले दोन शेजारच्या भाभींना द्या. एका घरातून गेला, तरी मोहल्ल्यात तो राहील.