शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द सेकंड’ नाटकात प्लेशी गावाचं नाव येतं ते एका विधवेच्या तोंडी. १३९७ साली राजाने ग्लॉस्टरच्या ड्यूकला, म्हणजे आपल्या सख्ख्या काकाला, इथल्या गढीवरून पकडून नेलं आणि पुढे कॅलेमध्ये त्याचा काटा काढला गेला. मागे उरलेली डचेस दिराला निरोप धाडते की प्लेशीला येऊन जा, आणि तो लगेच मागेही घेते. येऊन पाहणार काय, तर ओक्याबोक्या खोल्या आणि उघड्या भिंती!

पाचशे वर्षांनंतर याच गावात बायका पैसे भरून तशाच साध्या, मोकळ्या खोल्यांत राहायला येऊ लागल्या. निमित्त होतं चर्चच्या रिट्रीटचं. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, सोमवारी सकाळी निघायचं आणि मधल्या वेळात एकमेकींशी अवाक्षर बोलायचं नाही.

प्लेशी हे लंडनच्या ईशान्येला एसेक्स परगण्यातलं खेडं. चेम्सफर्ड शहरापासून दहाएक किलोमीटरवर. गढीची मातीची टेकाडं आणि खंदक उरलेत, विटांचा एक जुना कमानी पूल उरलाय, आणि सगळ्या गावाला अजून मातीच्या बांधाचा वेढा आहे. भोवती गव्हाची शेतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांतली कापणी उरकलेली असते, नांगरट सुरू झालेली असते आणि कुंपणांच्या झुडपांत काळ्या ब्लॅकबेरी लगडलेल्या असतात. मात्र २९ सप्टेंबरच्या मायकलमस सणानंतर त्या खायच्या नाहीत, सैतान त्यांवर थुंकतो, असं इंग्लिश आजीबाई सांगतात. सुगीच्या उपासनेसाठी गावातल्या चर्चच्या खिडक्यांत सफरचंदं, भोपळे आणि गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव मांडलेला असतो. संध्याकाळी अंधार लवकर पडू लागतो. शेतकऱ्याचा हंगाम संपलेला आणि नाताळची धांदल अजून लांब, तेव्हा दोन दिवस गप्प बसायला हे दिवस बरे.

रिट्रीट ही मुळात कॅथलिकांची चाल. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने तीस दिवसांच्या साधनेचा क्रम लिहून ठेवला आणि जेझुइटांनी तो जगभर नेला. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चला त्याची धास्तीच होती. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही मंडळींनी ती चाल उचलली. त्यांत पुढे होते ऑक्सफर्डजवळचे काउली फादर. रिचर्ड मेक्स बेन्सन यांनी १८६६ मध्ये हा संघ काढला. पुणेकरांना ही मंडळी परकी नाहीत. पंचहौद मिशन त्यांचंच. १८९० साली तिथे चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसकट अनेकांवर ग्रामण्य आलं. त्या चहावर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं की चहा पाजणारे कोण, हे बाजूलाच राहिलं.

तीस दिवस कोणाला मिळतात? शिक्षिका, नर्स, कारकून, चार मुलांची आई यांना तर नाहीतच. म्हणून साधना शुक्रवार ते सोमवारात बसवली गेली. प्लेशीचं घर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका छोट्या स्त्रीसंघाच्या मठासाठी बांधलं होतं. जोगिणी दुसरीकडे गेल्या आणि १९१४ मध्ये नव्याने निर्माण झालेल्या चेम्सफर्ड धर्मप्रांताने ते रिट्रीटसाठी घेतलं.

वेळापत्रक साधं असे. शुक्रवारी रात्रीच्या जेवणापर्यंत गप्पा. मग प्रार्थनागृहात पहिलं भाषण, दिवसाची शेवटची प्रार्थना, आणि तिथून मौन. शनिवारी-रविवारी पहाटे प्रभुभोजनाचा विधी, दिवसभरात आणखी भाषणं, आणि मधला वेळ मोकळा. त्यात चाला, वाचा, झोपा. जेवताना एकजण पुस्तक मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकत जेवतात. मीठ मागता येत नाही. शेजारणीच्या ताटाकडे लक्ष ठेवून ते आपणच पुढे सरकवायचं. याला माहेरपण म्हणावं, तर माहेरी बोलणं संपत नाही. इथे सुख निराळंच: कोणी हाक मारत नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. अर्थात चहा-नाश्ता आपोआप होत नसे. त्या स्वयंपाकघरातही बायकाच राबत असणार, आणि त्यांना हे मौन परवडत नसणार.

प्लेशीचं नाव झालं ते एव्हलिन अंडरहिल यांच्यामुळे. जन्म १८७५, वडील आणि नवरा दोघेही बॅरिस्टर, स्वतःला मूल नाही, घरात मांजरं, हाताला पुस्तकबांधणीचा छंद. १९११ साली ‘मिस्टिसिझम’ हा जाडजूड ग्रंथ लिहून त्या गाजल्या. रवींद्रनाथांनी कबीराची शंभर पदं इंग्रजीत आणली, त्या कामात त्यांना साहाय्य आणि पुस्तकाला प्रस्तावना अंडरहिलबाईंची. गंमत अशी की जगभरच्या संतांवर अधिकाराने लिहिणाऱ्या या बाई तोवर कोणत्याच चर्चमध्ये रुळलेल्या नव्हत्या. वयाच्या पंचेचाळिशीत त्या इंग्लंडच्या चर्चमध्ये स्थिरावल्या, बॅरन फॉन ह्यूगेल या कॅथलिक विद्वानाला गुरू केलं, १९२२ मध्ये साधी साधक म्हणून प्लेशीला आल्या आणि दोन वर्षांत तिथेच भाषणं देऊ लागल्या.

हे ‘देऊ लागल्या’ वाटतं तितकं साधं नव्हतं. इंग्लंडच्या चर्चमध्ये बाईला व्यासपीठ बंद होतं. मॉड रॉयडन या तेव्हाच्या नामांकित वक्त्या. त्यांनाही उपदेशासाठी काँग्रिगेशनल पंथाच्या सिटी टेंपलमध्ये जावं लागलं. मात्र खेड्यातल्या एका घरात, शनिवार-रविवारी, जमलेल्या बायकांशी एक बाई प्रार्थनेविषयी बोलते, यावर हरकत घ्यायची तरी कशी? दार पुढचं नव्हतं, पण उघडं होतं. भरात असताना त्या वर्षाला सात-आठ रिट्रीट घेत, आणि पुढे धर्मगुरूंनाही त्यांनी प्रार्थनेचे धडे दिले. त्यांची मैत्रीण लूसी मेन्झीस काही वर्षं प्लेशीच्या घराची व्यवस्थापक होती. तिथली भाषणं पुस्तकं होऊन आली. ‘द हाऊस ऑफ द सोल’मध्ये आत्मा म्हणजे दुमजली घर आहे, आणि वरच्या मजल्याच्या ओढीने खालचं स्वयंपाकघर विसरायचं नाही, असा एकूण सूर. ऐकणाऱ्या बायकांना तो का भिडला असेल, हे सांगायला नको.

दाराचा हा प्रश्न एका मराठी बाईने आधीच अनुभवला होता. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वाँटेजच्या सेंट मेरी मठात. या जोगिणींची शाखा पंचहौदात होती. त्याच मायकलमसच्या दिवशी, २९ सप्टेंबरला, रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. पुराणिकाच्या मुलीने भर सभांत शास्त्र सांगितलं होतं आणि कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. ती गप्प कशी बसेल? त्यांनी खरमरीत पत्रं लिहिली. मठाची शिस्तही त्यांच्या स्वभावात बसली नाही. त्यांचं घर शेवटी केडगावला उभं राहिलं, स्वतःच्या नियमांचं. वाँटेजच्या जोगिणी मात्र पुण्याशी बांधलेल्या राहिल्या. १९७२ मध्ये शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम स्त्रियांचा आश्रम म्हणून पुन्हा सुरू झाला, त्यातही त्या होत्या.

अंडरहिलबाई रमाबाईंइतक्या बंडखोर नव्हत्या. स्त्रियांनी पुरोहित व्हावं याला त्यांचा चक्क विरोध होता. सेवा करा, प्रार्थना करा, पद कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. ज्या बाईने धर्मगुरूंना प्रार्थना शिकवली, तिनेच त्यांचं आसन बायकांना नाकारावं, यात विनयापेक्षा त्यांच्या वर्गाची आणि काळाची सवय जास्त दिसते. पण चर्चमधल्या पुरुषांचीही त्यांनी भीड ठेवली नाही. १९३० च्या सुमारास त्यांनी थेट आर्चबिशपला लिहिलं, त्याचा आशय असा की धर्मगुरू कामांत बुडालेत आणि त्यांचं प्रार्थनेचं आयुष्य आटलंय.

१९९४ मध्ये इंग्लंडच्या चर्चने पहिल्या बत्तीस स्त्रियांना पौरोहित्याची दीक्षा दिली. २०२१ मध्ये चेम्सफर्डच्या, म्हणजे प्लेशी ज्यात येतं त्या धर्मप्रांताच्या, बिशपपदावर गुली फ्रान्सिस-देहकानी आल्या. जन्म इराणमधला, क्रांतीनंतर कोवळ्या वयात देश सोडावा लागलेला. अंडरहिलबाईंना ही नेमणूक रुचली असती, असं वाटत नाही. कुरकुर करून झाल्यावर त्यांनी नव्या बिशपबाईंना विचारलं असतं, की एवढ्या बैठकांतून प्रार्थनेला रोज किती वेळ काढता?