कमानीचा पाटा

बहिणीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि भाच्याच्या दारात जुनी पिकअप आली. दुसऱ्याच रविवारी तो मला गॅरेजवर घेऊन गेला. "मामा, मागे दोन पाटे वाढवतो, पुढे लोखंडी गार्ड. मग घाटाची भीती नाही!"

बँकेत मी अशा कितीतरी गाड्यांची कर्जे मंजूर केली. कागद पाहिले, पाटे कधी पाहिले नव्हते. मिस्त्रीने ते दाखवले. कमानीचे पाटे वाकतात, एकमेकांवर सरकतात, म्हणून धक्का पचतो. पाटे वाढवले की कमान जास्त ओझे पेलते. पण ॲक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात. शिवाय रिकामी गाडी खड्ड्यात उसळते. धडकेत बंपरमागचा पत्रा चुरगळतो, तो आतल्या माणसाला धक्का कमी बसावा म्हणून. जाड गार्ड तोच धक्का थेट चासीवर नेतो. समोर पादचारी आला तर त्याची धडगत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितले, ते उगाच नव्हे.

भाचा बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने तडा गेलेला एक पाटा त्याच मापाचा बदलून घेतला. गार्डचे पैसे पाटल्यांच्या हप्त्यात भरले.