मध्येच बंद पडणारा संगणक

शहरातल्या हितचिंतकांनी पाठवलेले जुने डेस्कटॉप संगणक आदिवासी भागातल्या वसतिगृहांत मुलांच्या फार उपयोगी पडतात. टायपिंगचा सराव, शिष्यवृत्तीचे अर्ज, बारावीनंतरच्या प्रवेशाची माहिती, सगळे त्यांच्यावरच होते. पण घरी पाच-सात वर्षे बिनतक्रार चाललेला संगणक इकडे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात दगा देऊ लागतो. अर्ज निम्मा भरून झालेला असतो आणि पडदा काळा होतो. दोन-चार वेळा असे झाले की "जळाला" म्हणून तो कोपऱ्यात जातो. पुष्कळदा तो जळालेला नसतो, नुसता तापलेला असतो.

ज्या पेटीला आपण सगळे सीपीयू म्हणतो, तिच्या आत खरा प्रोसेसर म्हणजे काडेपेटीहूनही लहान चौकोनी तुकडा. तो काम करताना तापतो. त्याची उष्णता वर बसवलेल्या पात्यापात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात जाते आणि ठोकळ्यावरचा पंखा ती उडवून लावतो. दोघांच्या मध्ये राखाडी पेस्टचा पातळ थर असतो. पात्यांत धूळ भरली, पंखा मंदावला किंवा पेस्ट वाळली, की उष्णता आतच कोंडते. मग प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तापमान साधारण १०० अंशांच्या आसपास गेले की संगणक स्वतःच बंद होतो. हे त्याचे संरक्षण आहे. दाराशी राखणदार असावा तसे.

उन्हाळ्यातच हे का होते, याचा हिशेब सोपा आहे. पंखा हवा थंड करत नाही, आहे तीच हवा फिरवतो. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ६५ वर राहत असेल, तर तेच काम ४२ अंशांच्या पत्र्याच्या खोलीत करताना तो ८२ च्या घरात जाणार. त्यात रस्त्याची लाल माती आणि चुलीचा धूर यांचा मिळून पात्यांवर चिकट थर बसतो. आणि आपली एक प्रेमळ सवय : धूळ बसू नये म्हणून पेटीवर भरतकामाचा रुमाल घालायचा आणि तो चालू असतानाही काढायचा नाही! संगणक बंद असताना जरूर झाका. चालू असताना पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आणि उघडी हवी.

दोष उष्णतेचाच आहे का, हे घड्याळ सांगते. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतो, लगेच पुन्हा लावला तर पाचच मिनिटांत बंद पडतो, आणि तासभर विश्रांती दिली की परत वीस मिनिटे चालतो, असे असेल तर उष्णताच समजा. बाजूचे झाकण काढून समोर टेबलपंखा लावल्यावर तो नीट चालला, तर शंकाच नको. हा उपाय मात्र तपासणीपुरता. उघड्या पेटीत पाली आणि मुंग्या घर करतात. याउलट, शेजारी पाण्याची मोटर सुरू झाली की बंद पडत असेल, तर दोष विजेच्या दाबात किंवा आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात शोधावा.

साफसफाई मोठी मुलेसुद्धा करू शकतात, पण कोणी जाणते जवळ असावे. वायर भिंतीतून काढावी, मग चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. पेटी व्हरांड्यात आणून नव्या, कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने पात्यांतली धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते.

एवढ्याने भागले नाही तर पेस्ट बदलावी लागते. ठोकळा सरळ वर ओढू नये, किंचित पिळत सोडवावा. जुनी पेस्ट पूर्ण पुसावी आणि नवी भाताच्या शितापेक्षा थोडी जास्त, एवढीच लावावी. अनेक संगणकांत ठोकळा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यांतली एक जरी सैल राहिली तरी संगणक काही मिनिटांत तापतो. ट्रकच्या प्रवासात खुंटी निसटू शकते, म्हणून आलेला संगणक लावण्याआधी त्या चारही दाबून पाहाव्यात.

सगळे दोष उष्णतेचे नसतात. सुरू करताच बीप-बीप वाजून पडदा काळाच राहिला, तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके घासावे आणि परत घट्ट बसवावी. मदरबोर्डवरच्या उभ्या नळकांड्यांची डोकी फुगलेली दिसली, तर काम दुरुस्तीवाल्याचे.

आणखी एक दोष विशेष सतावणारा. संगणक चालतो, इंटरनेटही असते, पण शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडत नाही, सुरक्षिततेचा इशारा येतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. बरीच वर्षे मागची दिसत असेल, तर आतला सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल संपला आहे. संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते, तारीख चुकली की संगणक ते नाकारतो. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी मूल रडकुंडीला येते, ते कधीकधी एवढ्याशा सेलपायी.

संगणक पाठवू इच्छिणाऱ्यांना विनंती, की निघण्यापूर्वी आतली धूळ काढून घ्यावी, पेस्ट आणि सेल नवे घालावेत, आपली खासगी कागदपत्रे पुसावीत आणि वीजजोडणीच्या वायरी सोबत द्याव्यात. पेटी ट्रकमध्ये आडवी, मदरबोर्ड खाली येईल अशी ठेवावी.