दोन बोटं वर

"पाटे बसलेत," मिस्त्री म्हणाले. जीपखाली ते वाकलेसुद्धा नव्हते. मागच्या चाकाच्या वर, टायर आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत त्यांनी फक्त हात आडवा घातला. डावीकडे चार बोटं गेली, उजवीकडे तीनच. चालवणारा माणूस वर्षानुवर्षं उजव्या बाजूला बसतो, आणि त्याच्या वजनाची नोंद पोलादात अशी राहते.

जीप माझ्या वडिलांची. सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि पुढे महिंद्रने हेच उंच कपाळाचं मॉडेल कितीतरी वर्षं बनवलं. आमची गाडी चिपळूणच्या पुढे, जांभ्याच्या वाटांवर आयुष्य काढलेली. मोठी चाकं बसवायची आणि गाडी दोन बोटं वर घ्यायची, एवढं मी मनाशी पक्कं करून मिस्त्रींकडे गेलो होतो. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, आत भट्टी, ऐरण, भिंतीला टेकवून ठेवलेले ट्रकचे पाटे. गेली तीस-पस्तीस वर्षं ते हेच काम करतात.

"गाडी अडते कुठे?" त्यांनी विचारलं.

बागेच्या वाटेवर चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मधला दगड खालच्या गोळ्याला लागतो, असं मी सांगितलं. गोळा म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा फुगवटा.

"मग पाट्यांनी काय होणार, दादा? पाटा उचलला की बॉडी वर जाईल. गोळा आहे तिथेच राहील."

इतकी वर्षं जीप चालवूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. गाडीला एक नाही, दोन उंची असतात. एक चाकाची, दुसरी कमानीची, म्हणजे या पाट्यांची. डिफरन्शियल अ‍ॅक्सलवर असतो आणि अ‍ॅक्सल चाकांच्या मध्यावर. त्यामुळे त्याला जमिनीपासून दूर नेण्याचा मार्ग एकच, चाकाचा घेर वाढवणं. कमान उचलली की वर जातं ते चासी, इंजिन, टाकी, माणसं. तेही कामाचं आहे: वहाळात उतरताना नाक आपटत नाही, आणि मोठं चाक वळताना, उसळताना पत्र्याला घासत नाही. पण दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि बहुतेक लोक एकाच्या अपेक्षेने दुसऱ्यावर पैसे घालतात.

चाकाचा हिशेब कागदावर मांडण्यासारखा आहे. टायरच्या बगलेवर २३५/७० आर १६ असं लिहिलेलं असतं. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के इतकी बगलेची उंची. १६ हा डिस्कचा, म्हणजे चाकाच्या रिमचा, व्यास, इंचांत. २०१० साली आलेल्या महिंद्रच्या पहिल्या थारच्या सीआरडीई गाडीला हा टायर होता. डिस्कचे ४०६ मिलिमीटर आणि वर-खाली दोन बगलांचे ३२९, असं मिळून चाक भरतं ७३५ मिलिमीटर. त्याजागी २४५/७५ आर १६ घातला तर तेच चाक ७७४ होतं. वाढ ३९ मिलिमीटरची, पण अ‍ॅक्सल वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे १९ मिलिमीटर. पाऊण इंच. मिस्त्रींचं बरोबर एक बोट.

एवढ्या पैशांत एकच बोट, म्हणून लोक नाराज होतात. आणि त्या एका बोटाची किंमत दुकानात देऊन संपत नाही. चाक पाच टक्क्यांनी मोठं झालं की स्पीडोमीटर ८० दाखवताना गाडी ८४ ने धावत असते. प्रत्येक गिअर पाच टक्के लांब होतो, चढावर इंजिनाची ओढ तेवढी कमी पडते. ब्रेकचंही तसंच. ड्रम तोच, पण चाकाची त्रिज्या वाढलेली, म्हणून पायाखालचा तोच जोर जमिनीवर पोचताना कमी होतो. मूळ सीजे-३बीचे ड्रम ९ इंचांचे. मोठी चाकं घातलेली अशी जीप घेऊन परशुराम घाट उतरताना हा पाच-सहा टक्क्यांचा फरक मला तळपायाला कळला आहे, आणि तेव्हापासून ब्रेकचा विचार केल्याशिवाय चाकांचा विचार मी करत नाही.

इथे आणखी एक गैरसमज. मोठी डिस्क म्हणजे मोठं चाक असं नाही. २०२० च्या नव्या थारच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६ टायर होते, दुसऱ्याला २५५/६५ आर १८. डिस्कमध्ये दोन इंचांचा फरक, पण पूर्ण चाकात फक्त १५ मिलिमीटरचा. बाकीचं गेलं रबराच्या बगलेतून. बगल हीच खड्ड्याचा पहिला मार झेलते, दगडावर हवा कमी करून गेलं तर तीच दबून पकड देते. डोळ्यांना अठरा इंची डिस्क आवडते. जांभ्याच्या वाटेसाठी मी सोळाच घेईन.

आता कमानीकडे. आपल्याकडे हा शब्द टांग्यांपासून आहे, आणि टांग्याच्या, बग्गीच्या कमानींचा वंश जातो १८०४ सालापर्यंत, लंडनच्या ओबडाया इलियटने बग्गीसाठी घेतलेल्या लंबवर्तुळी कमानीच्या पेटंटपर्यंत. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, मध्ये बोल्टने आवळायच्या, टोकं गाडीला बांधायची. बग्गी गेली, कमान राहिली. ट्रक, एसटी आणि जुन्या जीपने ती घेतली. गॅरेजमध्ये तिला पाटे म्हणतात. सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, डोळ्यांत बुश. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला झुलणारी शॅकल, कारण दबताना पाटा सरळ होतो, लांबतो, आणि ती लांबी कुठेतरी सामावून घ्यावी लागते.

मिस्त्रींनी जीप चासीखाली घोडे लावून उचलली, अ‍ॅक्सल लोंबकळता ठेवला आणि यू-बोल्ट गॅसने कापून टाकले. जुने यू-बोल्ट ते परत वापरत नाहीत, एकदा ताणलेले आटे पुन्हा तसे धरत नाहीत म्हणून. पाट्यांची थप्पी खाली आली, सेंटर बोल्ट निघाला आणि फरशीवर पट्ट्या सुट्या झाल्या. गंज, चिखल, मधोमध घासून चकचकीत झालेले पट्टे. त्यांनी खडूने फरशीवर एक वाक काढला. हातानेच, पण दोन्ही टोकांना दोरी धरून मध्याची खोली टेपने मोजली. मग मेन पाटा त्या रेघेवर आडवा ठेवला. रेघ आणि पोलाद यांच्यामध्ये तीन बोटांची जागा होती.

"मी दोन सांगितली होती," मी म्हणालो.

"माहितीये," ते म्हणाले, आणि ऐरणीकडे वळले.

ऐरणीला मध्ये खाच. त्या खाचेवर पाटा उताणा धरायचा आणि आतल्या बाजूने घाव घालायचा. एक घाव, पाटा बोटभर पुढे, पुन्हा घाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेकडो घाव, आणि प्रत्येक घावाने वाक इतका थोडा वाढतो की डोळ्याला दिसत नाही. पोरगा पाटा सरकवत होता, मिस्त्री मारत होते, मध्येच पाटा खडूच्या रेघेवर नेऊन बघत होते. हातोड्याचं तोंड त्यांनी घासून गोलसर केलं होतं. धारदार कड लागली तर पोलादावर खाच पडते, वजनाखाली पाट्याची नेमकी तीच बाजू ताणली जाते आणि चीर तिथूनच सुरू होते.

भट्टी शेजारी असताना हे थंड का करायचं? कारण तापवणं सोपं आणि निस्तरणं अवघड. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं असतं. कारखान्यात ते साडेआठशे अंशांच्या पुढे तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा पाचशेच्या आसपास नेऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. या दोन तापमानांतून पाट्याचा जीव येतो. लालबुंद करून वाकवला आणि हवेत निवू दिला तर तो मऊ पडतो, दोन-चार महिन्यांत बसतो. घाईने पाण्यात बुडवला तर काचेसारखा होतो आणि एखाद्या खड्ड्यात कडकन तुटतो. वेळेच्या आणि पैशाच्या टंचाईत हे काम अशा रीतीने होतं, हेही मिस्त्रींनी लपवलं नाही. त्यांची भट्टी फक्त नवा पाटा घडवण्यासाठी, आणि तिच्याशेजारी तेलाचं पिंप आहे.

सर्वांत सुंदर भाग त्यानंतरचा. सगळे पाटे एकाच वाकाचे करत नाहीत. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला ठेवतात. सुटे रचले की प्रत्येक दोघांमध्ये मधोमध नखाएवढी फट दिसते, पलीकडचा उजेड येतो. सेंटर बोल्ट आवळला की फटी मिटतात, पाटे एकमेकांना खेचून धरतात आणि डोळ्यांचा भार वाहणाऱ्या मेन पाट्यावरचा ताण आधीच थोडा उतरलेला असतो. म्हणून रचना करताना मिस्त्री प्रत्येक फटीतून उजेडाकडे बघतात. फट नसेल तर पाटा परत ऐरणीवर.

कमान उंच करायचे याहून स्वस्त मार्ग आहेत. लांब शॅकल हा त्यातला नेहमीचा. दोन इंच लांब शॅकल लावली की मध्यावर गाडी एक इंच उचलते, अर्ध्या तासाचं काम. पण एकच टोक ढकलल्यामुळे अ‍ॅक्सल फिरतो. पुढच्या टोकाची शॅकल लांबवली तर पुढच्या चाकांचा मागे रेललेला कोन कमी होतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं थांबतं. दुसरा मार्ग धाडसाचा. या जुन्या जीपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात, ते वर नेऊन बसवायचे. एका फटक्यात गाडी पाच-सहा इंच उचलते, आणि तितक्याच झटक्यात बाकीचं सगळं बिघडतं. सीजे-३बीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ८० इंच, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड. आखूड शाफ्टचा कोन थोड्या उंचीनेही झपाट्याने वाढतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन सारखे असले तर एकाचा हिसका दुसरा पुसतो, नाहीतर गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि क्रॉस वाजू लागतात. यावरचा उपाय म्हणजे अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून डिफरन्शियलचं नाक योग्य कोनात वळवणं. आमच्या दोन बोटांसाठीही मिस्त्रींनी कोन मोजला आणि मागे पातळ पाचर घातली. ब्रेकचा रबरी होज अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळला तरी ताणत नाही ना, हे हात लावून पाहिलं. शॉकअप लांब घ्यायला लावले, कारण जुन्यांची दांडी पाट्याच्या आधी संपत होती.

पहिली सीआरडीई थार आली तेव्हा तिच्या पुढच्या बाजूला पाटे नव्हते, टॉर्शन बार होते. पोलादाची लांब दांडी, एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं चासीला. चाक वर गेलं की दांडी पिळली जाते. चासीकडच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो आवळला की गाडी वर येते. पाना घेतला आणि पाच मिनिटांत दोन बोटं मिळाली, म्हणून हे फार लोकांनी केलं आणि मग गाडी कडक झाली म्हणून तक्रार केली. दांडी कडक होत नाही, ती तीच असते. उंच उभ्या राहिलेल्या गाडीच्या चाकाला खाली जायला जागा उरत नाही, आणि खड्ड्यात चाक खाली पोचण्याआधीच आर्म आपटतो. शाफ्टच्या सांध्यांवरची रबरी टोपणं तिरक्या कोनात घासून फाटतात. टायर एका कडेने झिजू लागतात, कारण बोल्ट फिरवल्यावर अलाइनमेंट करायची असते हे कोणी सांगितलेलं नसतं. २०२० च्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत आणि कारखान्यातूनच २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेच्या लाल चिखलात उतरायचं असेल तर त्यापुढे जावं लागतं, आणि तिथली माणसं चाक, कमान, विंच असं सगळं मिळून एक गाडी घडवतात. रोजच्या रस्त्याला ते लागत नाही.

रोजच्या रस्त्याला त्रास असतो तो गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, सावकाश चढणारा असायला हवा. गावात शिरताना भेटणारा गतिरोधक हातभर रुंद आणि गुडघ्याला येईल असा असतो. छोट्या गाड्यांच्या कॉइलमध्ये रबराचे ठोकळे कोंबले जातात ते यामुळे. रस्ता नीट नसल्याची भरपाई माणसं आपल्या गाडीच्या अंगावर करतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

कायदा मात्र गाडीच्या मालकाकडेच बोट दाखवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात उतरलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आली. यामागचं कारण मला पटतं. अरुंद चाकांवर उभी गाडी जितकी उंच, तितकी वळणावर लवकर कलंडते, आणि समोरून येणाऱ्या माणसाला आपल्या हौसेशी काही देणंघेणं नसतं. म्हणून आम्ही कारखान्याची मूळ उंची परत आणण्यावर थांबलो. टायरही आमचा मूळ ६.००-१६ चाच, नवा. जुना झिजून गोटा झाला होता, त्यामुळे त्यातूनही अर्धं बोट मिळालंच. बागेच्या वाटेवरचा दगड शेवटी पहारीने काढला.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली. दोन्ही बाजूंना सात-सात बोटं. नाक आभाळाकडे केलेली, पोरासारखी ताठ उभी जीप मला थोडी अनोळखी वाटली. मिस्त्रींनी पैसे घेतले, नवे यू-बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून पाहिले आणि सांगितलं, "पाचशे किलोमीटर झाले की या. बोल्ट आवळायचेत. मोजूही तेव्हाच."

तीन आठवड्यांनी गेलो. यू-बोल्ट प्रत्येकी पाव फेरा फिरले. मग त्यांनी फटीत हात आडवा घातला, उजवीकडे आणि डावीकडे. सहा आणि सहा.

"नवा वाक एक बोट खाली बसतोच," ते म्हणाले, आणि हात पुसत पुढच्या ट्रककडे गेले.