समजून घ्या | ‘शास्त्रात असं लिहिलंय’ म्हणता? कोणत्या शास्त्रात, कोणत्या काळात?

साताऱ्यात असो की सांगलीत, फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘आपल्या शास्त्रात असं सांगितलंय.’ कोणत्या ग्रंथात, कधी, हे फारसं कुणी विचारत नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईत मात्र हा प्रश्न विचारण्याची पद्धतच तयार झाली.

वाईत काय आहे?
कृष्णाकाठची प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ती घडवली. विनोबा भावेही इथे शिकले. हे विद्यापीठ नाही. पण विद्यापीठं ज्याला ‘विचारांचा इतिहास’ म्हणतात, ते काम इथे ‘धर्मकोशा’तून झालं.

धर्मकोश म्हणजे काय?
एक विषय घ्यायचा आणि त्यावरची संस्कृत वचनं काळाच्या क्रमाने मांडायची. आधी वेद, मग सूत्रं, स्मृती, टीका. पहिला भाग ‘व्यवहारकांडा’चा, १९३७ चा. कर्ज, वाटणी, वारसा हे त्याचे विषय.

त्यातून काय कळतं?
एक उदाहरण घ्या. मुलगा नसलेल्या माणसाची मालमत्ता कुणाला? मनुस्मृती वडील आणि भावांची नावं घेते. नंतरच्या याज्ञवल्क्यस्मृतीत पहिलं नाव पत्नीचं आहे. म्हणजे ‘शास्त्र’ एकच नव्हतं. नियम बदलत गेले.

याचा प्रत्यक्षात उपयोग झाला?
झाला. महात्मा गांधींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचं १९३३ मध्ये पुण्यात लग्न झालं. वधू ब्राह्मण, वर वैश्य. अशा ‘प्रतिलोम’ विवाहाला सनातनी मंडळींचा विरोध असे. या लग्नाचं पौरोहित्य केलं प्राज्ञपाठशाळेच्याच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. परंपरा पाठ असलेला माणूसच बदलाच्या बाजूने उभा होता.

सामान्य वाचकाला काय मिळालं?
धर्मकोश संस्कृतात असल्याने तो वाचणं सोपं नाही. पण तर्कतीर्थांच्याच नेतृत्वाखाली वाईत मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड १९७६ चा. एकूण २० खंड. तो आज मोबाइलवर मोफत वाचता येतो.

मग पुढचा मेसेज आला की?
फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा: ग्रंथ कोणता? काळ कोणता? आणि त्याच विषयावर दुसरा ग्रंथ काय म्हणतो?