लॅपटॉप तापतो, बंद पडतो: समज आणि वस्तुस्थिती

व्हिडिओ कॉल चालू असतो, किंवा उद्या द्यायचा अहवाल जोडून होत आलेला असतो. पंखा घोंघावू लागतो, तळाला हात लावला तर चटका बसतो आणि स्क्रीन एकदम काळी होते. मग घरातला, ऑफिसातला, दुकानातला जो तो उपाय सांगू लागतो. कूलिंग पॅड घ्या, फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, पेस्ट बदला. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी कुणाला तरी लागू पडलेला असतो, म्हणूनच तो सांगितला जातो. पण लॅपटॉप खरोखर उष्णतेमुळेच बंद पडतो आहे का, हे मात्र बहुतेक वेळा कुणी तपासलेलेच नसते. पैसे वाया जातात ते इथे.

पहिला गैरसमज सगळ्यांत भीतिदायक आहे: मशीन अचानक बंद पडले म्हणजे आत काहीतरी जळाले. एके काळी हे खरे होऊ शकत होते. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला. डेस्कटॉप संगणकावर गेम चालू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग, काढून घेतला. त्या वेळचा एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम ३ थांबला. पेंटियम ४ मात्र अतिशय मंद झाला, पण चालत राहिला, आणि हीटसिंक परत ठेवताच पुन्हा वेगाने धावू लागला. तापमान वाढले की स्वतःचा वेग कमी करण्याची ती सोय आज प्रत्येक लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये असते. तिला थ्रॉटलिंग म्हणतात.

थ्रॉटलिंग सुरू होण्याची मर्यादा किती अंशांवर असते? इंटेलच्या लॅपटॉपमधल्या बहुतेक चिपसाठी ती १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या अनेक रायझन चिपसाठी ९५ ते १०५ च्या दरम्यान. म्हणजे व्हिडिओ एडिटिंग करताना तापमान मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ९० किंवा ९५ चा आकडा दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही. पातळ, वेगवान लॅपटॉप या मर्यादेच्या अगदी जवळ चालतील असेच बनवलेले असतात. काळजी करायची ती काही काम चालू नसतानाही तापमान ८० च्या खाली येत नसेल तर.

आता यातून निघणारी गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचा सगळा तपास तिच्यावर उभा आहे. मर्यादा गाठताच प्रोसेसर आधी मंद होतो. पूर्ण बंद पडण्याची पातळी त्याच्याही बरीच वर, इंटेलच्या चिपमध्ये साधारण १३० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे ज्या लॅपटॉपचा पंखा फिरतो आहे आणि हीटसिंक जागेवर घट्ट बसलेला आहे, तो केवळ प्रोसेसरच्या उष्णतेने एकदम बंद पडणे सहसा घडत नाही. तो रखडतो, अडखळतो, पण चालतो. उष्णतेने खरोखर बंद पडलेल्या मशीनमध्ये बहुधा पंखा अडकलेला असतो, हीटसिंकचा स्क्रू सैल असतो, किंवा प्रोसेसरला वीज पुरवणारे मदरबोर्डवरचे भाग किंवा ग्राफिक्स चिप तापलेली असते.

म्हणून आधी लक्षणे बघायची. उष्णतेचे बंद पडणे हळूहळू येते. जड काम सुरू होते, पंख्याचा आवाज चढतो, मशीन संथ होते, मग बंद पडते. लगेच चालू केले तर पुन्हा लवकर बंद पडते आणि अर्धा तास गार होऊ दिले तर पुन्हा नीट चालते. याउलट, कसलाही आवाज न वाढता, साधे पत्र टाइप करताना, तापमान ५५ अंश असताना लॅपटॉप विझला, तर संशय विजेच्या वाटेवर घ्यावा: बॅटरी, चार्जर, चार्जरची पिन, मदरबोर्ड.

तापमान मोजायला कोअर टेम्प, एचडब्ल्यू-मॉनिटर अशी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. शक्य असेल तर नोंद फाइलमध्ये साठवत ठेवणारे सॉफ्टवेअर वापरावे, म्हणजे मशीन बंद पडायच्या आधीचा शेवटचा आकडा नंतर वाचता येतो. त्या एका आकड्याने अर्धा वाद मिटतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन 'कर्नल-पॉवर ४१' ही लाल नोंद सापडली की अनेकांना वाटते, दोषी सापडला. तसे नाही. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते. उष्णतेने बंद पडले, वीज गेली, किंवा कुणी पॉवरचे बटण दाबून धरले, तरी नोंद तीच. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनवर दिसणारा चुकीचा क्रमांक, शून्य असेल, तर निळी स्क्रीन येण्याइतकाही वेळ विंडोजला मिळाला नाही एवढे कळते.

बॅटरीकडे तर लोक बघतच नाहीत. "चाळीस टक्के चार्ज दिसत होता, मग बॅटरीने कसा बंद पडेल?" हा प्रश्न दुकानात नेहमी ऐकू येतो. जुन्या लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की तिचे व्होल्टेज खाली कोसळते आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते, टक्के कितीही दिसत असोत. याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण फोनचे आहे. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू लागले, तेव्हा अ‍ॅपलने २०१७ च्या जानेवारीत आलेल्या अपडेटमध्ये त्यांचा वेग गुपचूप कमी केला. डिसेंबरमध्ये ते उघड झाल्यावर कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. लॅपटॉपमध्येही हेच घडते. लॅपटॉप फक्त बॅटरीवर असताना बंद पडतो आणि चार्जर लावल्यावर दिवसभर चालतो, तर पेस्ट बदलून काहीही होणार नाही. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी लिहिलेली असते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरीचे दिवस भरले.

तपासाअंती दोष उष्णतेचाच निघाला, तर पुढची पायरी धूळ. आणि इथे घरोघरी होणारी एक चूक आहे. लॅपटॉपच्या तळाच्या जाळीतून बघितले तर पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि माणूस म्हणतो, धूळ नाही. खरी धूळ तिथे नसतेच. पंखा जी हवा फेकतो ती हीटसिंकच्या पातळ तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांतून बाहेर जाते. गोधडीचे, चादरीचे तंतू, केस, पिठूळ धूळ हे सगळे त्या पट्ट्यांच्या आतल्या तोंडाशी, पंखा आणि हीटसिंक यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकते. दोन-तीन वर्षांत तिथे करड्या नमद्याचा एक सलग पट्टा तयार होतो. चिमट्याने धरून ओढला तर तो अखंड निघतो. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, आवाज करत असतो, पण हवेला बाहेर जायला वाट नसते. बाहेरच्या झडपेशी हात धरावा. पंखा ओरडतो आहे आणि बोटांना गरम झोत लागत नाही, तर हा पट्टा आत आहे.

बाहेरून ब्लोअर मारणे हा त्यावरचा अर्धाच उपाय. बाहेरच्या झडपेतून हवा मारली की तो पट्टा मागे ढकलला जाऊन पंख्यात पडतो, कधी पंखाच अडकवतो. तळाचे झाकण काढून, बॅटरीची जोडणी सोडवून, पंखा उचलून तो पट्टा हाताने काढणे हीच खरी साफसफाई. ब्लोअर वापरायचाच तर पंख्याची पाती काडीने धरून ठेवावीत. झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला की त्याचे बेअरिंग खराब होते. वॉरंटी चालू असेल तर हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्यावे.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट दर सहा महिन्यांनी बदलली पाहिजे, असेही ऐकू येते. तशी गरज नाही. चांगली पेस्ट काही वर्षे टिकते. धूळ काढूनही तापमान उतरत नसेल तेव्हा पेस्टचा विचार करावा. ती कडेला सरकून मध्ये कोरडी पडलेली असू शकते. 'लिक्विड मेटल' मात्र हौसेखातर लावू नये. त्यात गॅलियम असते, ते वीजवाहक असते आणि अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः पोखरते.

कूलिंग पॅडबद्दल स्पष्ट सांगायला हवे. तळातून हवा ओढणाऱ्या, आतून स्वच्छ असलेल्या लॅपटॉपला पॅडने काही अंशांचा फायदा होतो. वाट बुजलेल्या लॅपटॉपला त्याचा उपयोग जवळपास शून्य. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवायची सवय सोडली आणि सपाट टेबलावर तो ठेवला, तर तेवढाच फायदा फुकट मिळतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. मे महिन्यात लॅपटॉप बंद पडू लागला की तो बिघडला असे समजून दुकानात नेला जातो. पण अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी सभोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे असे लिहिते, आणि इतर अनेक कंपन्यांची वरची मर्यादाही ३५ अंशांच्या आसपासच असते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. हीटसिंक हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. पुण्यातल्या २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत जी चिप ८० वर चालते, तीच चिप त्याच कामाला ४५ अंशांच्या खोलीत १०० गाठते. यात बिघाड काहीच नाही.

अशा वेळी बिनपैशाचा एक उपाय खरोखर कामाला येतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ वर आणली की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची प्रोसेसरची सोय, बंद होतो. फरक एक टक्क्याचा वाटतो, पण तसा नाही. इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या चिपची मूळ वीज ४५ वॅट आणि टर्बोमधली कमाल ११५ वॅट आहे. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते, म्हणून वरच्या थोड्या वेगासाठी भरमसाट उष्णता मोजावी लागते. लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांना टर्बोची गरज नसते.

फ्रीजमध्ये ठेवून लॅपटॉप गार करणे हा उपाय मात्र कुणीही करू नये. पावसाळ्यात मुंबई-कोकणात दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. फ्रीजमधून काढलेल्या थंड मदरबोर्डवर आतून पाणी सुटते. या समजुतीला बळ मिळाले ते २०१८ मध्ये. कोअर आय९ चा नवा मॅकबुक प्रो जड कामात फारच मंदावतो हे दाखवण्यासाठी एका यूट्यूबरने तो फ्रीजरमध्ये ठेवून चालवला आणि तिथे तो वेगाने चालला. ती चाचणी होती, उपचार नव्हता. अ‍ॅपलने काही दिवसांतच फर्मवेअरमधली चूक मान्य करून सॉफ्टवेअर अपडेट दिला. उष्णतेच्या तक्रारीत बायोस आणि फर्मवेअरचे अपडेट बघून घ्यायचे ते याचसाठी. फॉरमॅट मारण्याआधीही टास्क मॅनेजर उघडून कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर खातो आहे ते बघावे. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या स्क्रीनवरही लॅपटॉप बंद पडत असेल, तर विंडोज निर्दोष आहे.

ग्राफिक्स चिप 'तापवून', म्हणजे हीट गन मारून दुरुस्त करून देणारेही भेटतात. लॅपटॉप काही आठवडे चालतो आणि पुन्हा बसतो. २००८ मध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक्स चिपसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर करावी लागली होती. वारंवार तापून-गार होऊन चिपच्या आतले सूक्ष्म जोड तडकत होते. बाहेरून उष्णता दिली की तडा तात्पुरता जुळतो, मूळ दोष तसाच राहतो. अशा दुरुस्तीवर मोठी रक्कम घालू नये.

आणि शेवटी अशी एक बाब, जिच्यात थांबून चालत नाही. टचपॅड वर आला आहे, तळाचे झाकण फुगले आहे, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो आहे, तर ती बॅटरी फुगलेली आहे. २००६ मध्ये डेलने सोनीने बनवलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या, कारण काही बॅटऱ्या शॉर्ट होऊन पेटल्या होत्या. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप त्याच क्षणी बंद करावा, चार्जर काढावा, झाकण दाबून बसवू नये, बॅटरीला टोचू नये आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि ती त्यांच्या हवाली करा.